जामिनाला कोणी नाही

पिंपरी,
१९ जानेवारी १९५७

तीर्थरूप आक्का,

हिंदुरावचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. दाजींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडी फार. मला कारखान्यात कायम केलं.

बाळंतपणाला आईला कधी आणून सोडतोस, असं तू विचारलंस. उत्तराला उशीर झाला. कार्डावर लिहिण्याजोगं नव्हतं, म्हणून पाकीट घेतलं.

आईची तब्येत ठीक आहे. पण ती गावी, निघोज्यात नाही. येरवड्याला तुरुंगात आहे.

दिवाळीनंतर आपल्या भट्टीवर धाड पडली. बाबा गेल्यावर आपण कशावर वाढलो ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. दारूबंदी आली म्हणून गावाची तहान थोडीच गेली! पाटलांकडे पाहुणे आले की त्यांचा गडी आपल्या मागच्या दारी यायचा. भजनी मंडळीसुद्धा "औषधाला दे" म्हणून न्यायची. शिपाई आले त्या दिवशी मात्र कुणाला आपलं घरच माहीत नव्हतं. सोपानराव चुलते पुढे होऊन म्हणाले, "असली बाई गावाला काळिमा हाय." तोंडाला वास होता त्यांच्या.

खेडच्या कोर्टात जामिनाला कोणी आलं नाही. मी पुढे झालो. कारकुनानं विचारलं, "तू कोण हिचा?"

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "कोण हाय त्यो? मी न्हाई वळखत."

कारखान्याला माझ्या वर्तणुकीचा दाखला हवा होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि आक्का, मी मागे सरलो. तिनं गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. दाखल्यावर सही करताना पाटील म्हणाले, "कोर्टात तुझं नाव आलं न्हाई, म्हणून देतोय."

मागल्या रविवारी लुगडं घेऊन येरवड्याला गेलो. दारावर नातं विचारलं. मी मोठ्यानं म्हणालो, "मुलगा." शिपाई आत जाऊन आला. "बाई म्हणते, मला मुलगा नाही. जा परत."

लुगडं त्यांनी ठेवून घेतलं नाही. बराच वेळ भिंतीपाशी उभा होतो.

तुला सासरी नांदायचंय. तिथं काय सांगायचं ते तू ठरव. मी आता लपवणार नाही. माझ्या खोलीत साताऱ्याकडचा भैरू राहतो, त्याला काल सगळं सांगितलं. आज त्यानं वेगळी चूल मांडली.

जिवाला जप.

सारजाबाईचा मुलगा,
हिंदुराव