पलंगाचे पाय

छकुले,

घरात आल्यावर पलंग बघून दचकू नकोस. त्याचे पाय मीच कापलेत. आता तो जमिनीपासून वीतभरच वर आहे.

आई गेल्यापासून ढब्बू पलंगावर तिच्या बाजूलाच झोपतो. एवढा म्हातारा कुत्रा, पण मी पाठ फिरवली की वर उडी मारतो आणि मग मणक्यातल्या कळेनं विव्हळतो. खाली अंथरूण घातलं, तर पलंगाला नाक लावून रडत बसतो.

परवा न राहवून मी त्याला माझी गुडघ्याची गोळी दिली. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "आजोबा, त्याची किडनी अर्धी गेलीये, हृदयही थकलंय. माणसाची गोळी त्याला चालत नाही!" आज रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलोय. धाकधूक आहे.

एक वाजता त्याला निळ्या डबीतली अर्धी गोळी दे. बाहेर नेताना आईची जुनी शाल पोटाखालून घालून मागचं अंग उचलून धर.

"बाबा, त्याला आता मोकळं करू या," असं तू म्हणालीस, तेव्हा मी उगाच तुझ्यावर चिडलो. राग धरू नकोस. दुखणं आवरेनासं झालं, तर मीच तुला सांगेन. पण आज सकाळी तो उडी न मारता, चालत पलंगावर गेला.

हा पलंग मी लग्नाच्या वर्षी केला होता. करवत लावताना हात अडला. मग वाटलं, ती असती तर म्हणाली असती, "सुतार ना तुम्ही? मग इतके दिवस कशाची वाट बघत होतात?"

बाबा