एस म्हणजे सावध झोप

३ नोव्हेंबर

आज लाज गेली. आणि तीही मराठीमुळे!

नगरच्या ऑफिसात लागून दोनच महिने झालेत. गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर कोणते प्रोग्रॅम कसे चाललेत, ते बघत बसायचं, हे माझं काम. एक प्रोग्रॅम रक्त-तपासणीचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर पाठवतो. सकाळपासून तीनदा पाहिला. यादीत त्याच्यापुढे 'एस'. मी तीनदा नोंदलं — सुरू. दुपारी लॅबवाल्यांचा फोन : अकरापासून एकही रिपोर्ट गेलेला नाही, दारात माणसं भांडतायत!

मला शिकवणाऱ्या विजयमाला मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "एस म्हणजे काय गं, एंजेला?"

"सुरू."

अख्खं ऑफिस हसलं. कॉलेजात परीक्षेसाठी ही अक्षरं मीच मराठीत बसवली होती — आर रांगेत, एस सुरू, टी थांबलेला, झेड झालेला. बाकी तिन्ही खरी निघाली, मग चौथ्यावर शंका कशाला येईल?

"एस म्हणजे स्लीप, बाई. झोपलाय तो. कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय." मग जरा मऊ आवाजात — "पाठच करायचं तर सावध झोप म्हण. हाक आली की उठतो. आणि डी दिसला तर डाराडूर! बोंबल किती बोंबलायचं ते, हातातलं झाल्याशिवाय उठत नाही."

४ नोव्हेंबर

डाराडूर! बसमध्ये एकटीच हसले. हे सगळं एकदा मराठीत नीट लिहून काढायचं — गावातल्या मुलींसाठी. माझ्यासारखं चुकीचं पाठ करायला नको.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घोडेगावचा बाजार. पुढे म्हशींचे टेम्पो, बस जागची हलेना. ऑफिसला उशीर.

दुपारी आईचा फोन. मस्कतला ती एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते. त्या बाईंची मुलगी, म्हणजे आईची 'म्याडम', शुक्रवारी घरी असते, म्हणून आईला दोन तास मोकळे मिळतात. मी बारावीत असताना गेली. चार वर्षांत एकदाच आली, वीस दिवसांसाठी.

म्हणाली, "नोकरीचा कागद आलाय. तीस तारखेच्या आत सही द्यायची. आजून दोन वर्सं."

मी म्हणाले, "तुझं तू बघ, आई. आमची काळजी नको."

काय शहाणपणा हा माझा! फोन ठेवल्यावर जिन्यात उभी राहिले. मग परत यादीपुढे येऊन बसले.

९ नोव्हेंबर

पप्पांना म्हणाले, आईला येच म्हणू या का?

"कशाला? तिकडं एसीत हाय ती. हितं येऊन काय, चूल फुकत बसंल?"

"आपल्याकडे गॅस आहे, पप्पा."

"लई शिकलीस! तिला मागं वढू नको. रमलीय ती."

पण त्यांच्या मोबाईलवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं, एक दीड तास मागचं. जेवायला बसले की आधी मागचं बघतात. आज म्हणाले, "आत्ता तिचा चहा झाला आसंल."

१३ नोव्हेंबर

आज झेड. प्रोग्रॅमचं काम संपलेलं असतं, जागा सोडलेली असते, तरी यादीतून नाव जात नाही. ज्यानं त्याला जन्माला घातलं, त्यानं येऊन 'काय झालं रे तुझं?' एवढं विचारावं लागतं. तोवर नाव तसंच.

माझं पदवीचं सर्टिफिकेट अजून प्लास्टिकच्या फोल्डरमध्येच आहे. पप्पा म्हणतात, फ्रेम कर. मी टाळते. आईला फोनवर दाखवलं होतं, पण स्क्रीनवरून तिला हात कुठे फिरवता येतो?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला म्हणाले, थंडी पडली. म्हणाले, पप्पा बारीक झालेत. म्हणाले, चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली, तुझ्या ओळीत यंदा कुणी नाही.

ती म्हणाली, "सुटर घाल."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन आला नाही. म्हाताऱ्या बाईंना बरं नाही, असा फक्त मेसेज.

२६ नोव्हेंबर

एका झोपलेल्या प्रोग्रॅमला उठवायचं होतं. मी आजूबाजूचंच चाचपत बसले. मॅडम म्हणाल्या, "लग्नातल्या फुगलेल्या आत्यासारखी घुटमळू नकोस! प्रत्येकाला नंबर असतो. त्याचा नंबर घाल आणि सरळ हाक मार. नुसतं खाकरून कुणी उठत नाही."

दिवसभर मनातून जाईना. मी गेले तीन आठवडे आईपुढे नुसती खाकरतेय.

पण उठली नाही तर? ती खरंच रमली असेल तर? मला ते ऐकायचं नाही, म्हणून मी मोठेपणा करतेय — आज खरं लिहिते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन मीच लावला. नमस्कार नाही, काही नाही.

"आई, सही करू नको. ये. मला तू पाहिजेस."

 

ती म्हणाली, "परवाच केली गं सही."

"तीस तारीख होती ना?"

"तीस शेवटची हुती. मी थांबले हुते. म्हनलं, कुनीतरी म्हनंल. तुझे पप्पा म्हनले, तिथंच बरं हाय. तू म्हनलीस, तुझं तू बघ. मग मी माझं बघितलं."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडू नको, आफिसात लोक बघत्याल." आणि स्वतःच रडायला लागली. मागून त्या बाईंची हाक आली. तिनं फोन ठेवला.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते ताटावरून उठले. ओट्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले — "मला वाटलं, तिला तिकडं बरं वाटतंय. म्हनून म्हनलो."

२९ नोव्हेंबर

पप्पांनी स्वतः फोन लावला. मला बाहेर जायला सांगितलं! आत काय बोलले, मला माहीत नाही. दाराबाहेरून एवढंच ऐकू आलं, आईला नावानं मारलेली हाक — "मेरे, लई दिस झाले."

३० नोव्हेंबर, रविवार

चर्चला निघताना आईचा मेसेज आला :

'म्याडमनी सहीचा कागद परत दिला. माझी गोधडी उन्हात घाल.'