वडाच्या फांदीवरची तार

आबा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि मी आता लिहायला बसलेय. तुम्ही म्हणायचात, ही पोरगी प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा खडा शोधते. अजूनही शोधते. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघते. सून दोन शब्द गोड बोलली की कपाटाची किल्ली जागेवर आहे का ते आधी पाहून येते. हा स्वभाव कुठून आला देव जाणे, पण त्यानं तुमचं काय केलं ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला त्यातलं अर्धंच ठाऊक होतं.

सेलूच्या जिनिंगवाल्या सेठच्या बंगल्यात तुम्ही माळी होतात. मागच्या ओट्यावर मातीचे उथळ परळ ओळीनं मांडलेले आणि त्यांत वीत-दीड वीत उंचीची झाडं. चिंच होती, उंबर होता, आणि तुमचा जीव की प्राण असलेला वड. ही विद्या तुम्हाला रुई खरेदीला येणाऱ्या जपानी साहेबानं दिली. चार हंगाम तो सेठकडं उतरला. गाठी पारखून झाल्या की तुमच्या शेजारी उकिडवा बसायचा. त्याची भाषा तुम्हाला येत नव्हती आणि तुमची त्याला, तुम्ही दोघं हातांनीच बोलायचात. माझं लग्न व्हायच्या आधी तुम्ही मला शिकवलंत. मी अजून बघतेय: गोवऱ्यांच्या जाळात तांब्याची तार लाल होतेय, गार झाल्यावर सुतळीसारखी मऊ पडतेय, आणि तुम्ही ती फांदीला तिरकी गुंडाळताय. खाली डाव्या हाताचा अंगठा. "फांदी अंगठ्यावर वाकव, तारेवर न्हाई." फांदीनं वळण धरलं की तार काढायची, नाहीतर सालीत रुतते. एकदा तांबं वाया जाऊ नये म्हणून मी तार उलटी सोडवायला गेले, तर हातावर फटका बसला. तार तुकडे करून कापायची, सोडवायची नाही, सोडवताना फांदीला हिसका बसतो. त्या दिवशी मी जेवले नव्हते, इतका राग आला होता मला तुमचा.

मग एका हंगामाला साहेब आलाच नाही. जपान लढाईत उतरला. मी सासरहून, चारठाण्याहून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा सेलूत भलतीच हवा होती. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, जपानची विमानं येणार. एकीनं मला ऐकू जाईल असंच म्हटलं, जिनिंगच्या माळ्यानं झाडांना तारा गुंडाळल्यात, त्यातून तिकडं खबर जायलीय. मी तिला झापलं. पण हंडा घेऊन घरी येईपर्यंत माझ्याच डोक्यात किडा वळवळायला लागला. साहेबानं तुम्हाला दिलेली कात्री तुम्ही पेटीत कुलपात का ठेवता? झाडाला एवढं तांबं कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची भाकरी घेऊन बंगल्यावर गेले. तुम्ही वडावर पार ओणवे झालेले, तोंड तारेला लागेल इतकं जवळ, आणि पुटपुटताय, "इची, नी, सान, शी..." मी विचारलं, "आबा, काय म्हणायलाव?" तुम्ही दचकलात, वडावर गोणपाट ओढलंत आणि म्हणालात, "काय न्हाई." आबा, काही का असेना, तुम्ही दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं.

तुम्ही सेठबरोबर मानवतला कलमं आणायला गेलात त्या दिवशी मी ओट्यावर गेले आणि एकेका झाडाची तार काढली. एवढं पोट घेऊन, घाम गाळत. वडाची खालची फांदी कडकन बोलली. तिला ओली माती लावून चिंधी बांधली, सगळं तांबं बंगल्याच्या विहिरीत टाकलं आणि घरी येऊन निजले.

तिसऱ्या दिवशी पोलिसांचा जमादार बंगल्यावर आला, तेव्हा मी तुमची भाकरी घेऊन ओट्यापाशीच होते. तारा जागेवर असत्या तर सेठ समजावणारच होते, हे आमच्या साहेबाचं बागकाम आहे म्हणून. पण तारा नव्हत्या, आणि पोराच्या कंबरेला घट्ट करदोड्याचे वळ उठावेत तसे वळ झाडाझाडाच्या सालीवर होते. सेठ दोन पावलं मागं सरकले. जमादारानं वळांवरून बोट फिरवलं. "तार किधर गई?" तुम्ही झाडांकडं बघितलंत. मग माझ्याकडं बघितलंत. "म्या काढली. टाकली फेकून." कुठं फेकली ते तुम्हाला कुठून सांगता येणार? तुम्हाला परभणीला नेलं. वीस दिवसांनी सोडलं तेव्हा डावा अंगठा वाकत नव्हता, तो पुढं कधीच वाकला नाही.

तेव्हा मी बाळंतखोलीत होते. तुम्ही दाराबाहेर बसलात, नातवाचं तोंड बघितलंत आणि एकच विचारलंत.

"कापली का सोडवली?"

"कापली," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत. वडाची ती फांदी तोवर वाळून गेली होती आणि तुम्ही ती बघूनच आला होतात. पुढं सहा महिन्यांनी मीच विषय काढला, ते काय पुटपुटत होता म्हणून. तुम्ही लाजलात. साहेब तारेचे वेढे असेच मोजायचा, एक, दोन, तीन. तुमच्या तोंडी तेच बसलं होतं. "पोरगी म्हणंल म्हातारं येडं झालं, म्हणून न्हाई सांगितलं." मला हसू यायला हवं होतं. मी चुलीपुढून उठून गेले.

त्यानंतर तुम्ही मरेपर्यंत येईल त्याला सांगायचात, माझी लेक लय धीराची, आठव्या-नवव्या महिन्यात बापाला वाचवायला तारा काढून टाकल्या, तिला काय ठाऊक उलटं होईल म्हणून. मी कधी नाही म्हटलं नाही. पण आबा, मी तुम्हाला वाचवायला गेले नव्हते. तुम्ही खबर देता हे मला खरं वाटलं होतं, आणि ते बंद पाडायला मी तारा काढल्या. जमादाराच्या आधी तुमच्यावर संशय मी घेतला.

हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही. सुनेच्या तर मुळीच नाही, ती चारचौघांत वाचून दाखवील. धाकटा भाऊ अजून पोराबाळांना ती गोष्ट सांगतो, तुमच्याच शब्दांत, आणि शेवटी सगळी माझ्याकडं बघतात. मी मान हलवते. परवासुद्धा हलवली.