परीक्षक क्रमांक दोन

३ मार्च, मंगळवार

खुर्चीने आज पुन्हा दगा दिला! दहाला बसले तेव्हा टेबलावरचं सगळं दिसत होतं. साडेदहाला हनुवटी टेबलाला टेकली. आतला दट्ट्या गेलाय म्हणे, हवा धरत नाही. रेणूतल्या दोन अणूंमधलं अंतर आम्ही केसाच्या कोट्यंशापर्यंत सांगतो. पण एका प्राध्यापिकेला अर्धा तास एका उंचीवर बसवणं या संस्थेला जमत नाही! तीन अर्ज केले. पहिल्यावर शेरा: ‘खुर्ची आपल्या नावावर नाही.’ दुसऱ्यावर: ‘खुर्ची कोणाच्याच नावावर नाही.’ तिसऱ्याचं उत्तर येईपर्यंत मी जमिनीला लागलेली असेन.

आणि गंमत बघा — पंचवीस वर्षं मी खुर्च्यांचाच अभ्यास करते आहे. सहा कार्बनचं कडं सपाट बसत नाही. खुर्चीसारखं वाकून बसतं आणि बसल्या बसल्या उलटतं. पाठीकडचं टोक खाली, पायाकडचं वर, की पुन्हा खुर्चीच! सेकंदाला लाखभर वेळा. कुणाकडे अर्ज न करता.

४ मार्च, बुधवार

एका जर्नलने पेपर तपासायला धाडला होता. मी परीक्षक क्रमांक दोन. या कामात लेखकाचं नाव मला दिसतं, माझं त्याला दिसत नाही. जिभेला याहून मोकळं रान नाही.

लेखिका एकटीच. कुठल्याशा लहान कॉलेजातली. विषय माझाच, कडंही माझंच. थंडीत ठेवलं की उलटणं मंदावतं आणि यंत्राच्या पडद्यावर दोन शिखरं वेगवेगळी दिसतात. हळूहळू गरम करत नेलं की एका ठरावीक तापमानाला दोन्ही एकमेकांत मिसळून एकच होतं. त्या तापमानावरून कड्याला उलटायला किती जोर लागतो ते निघतं. सगळा खेळ त्या एका आकड्याचा. माझा आकडा उणे एकसष्ट. छापलेला, तीन पेपरांत! बाईंचा आकडा उणे एकोणपन्नास.

बारा अंश! बारा अंशांत माणसाला हुडहुडी भरते, रेणूला कळणार नाही होय?

लिहिलं: ‘लेखिकेने रेणूचा अभ्यास करण्याआधी तापमापकाचा करावा.’ स्वतःच वाचून हसले. नवऱ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो दंतवैद्य. पेशंटच्या तोंडात हात असताना फोन स्पीकरवर ठेवायची खोड आहे. पेशंटही हसला म्हणे. म्हणजे तसा प्रयत्न केला असावा.

५ मार्च

तिसऱ्या अर्जाचं उत्तर: ‘चौकशी चालू आहे.’ खुर्चीची की माझी?

९ मार्च, सोमवार

संपादकांचं पत्र. पेपर नाकारला. ‘आपल्या परखड अहवालाबद्दल आभारी आहोत.’ परखड! हा शब्द माझ्या नावापुढे पदवीसारखा लावायला हरकत नाही.

१४ मार्च, शनिवार

परिषद. दोन दिवस त्याच त्या माणसांना नव्याने भेटल्यासारखं करायचं. माझं भाषण झालं. टाळ्या नेहमीएवढ्या. चहाच्या रांगेत मागून आवाज आला — ‘मॅडम, एक मिनिट आहे?’

वळले. पस्तिशीची बाई. खांद्याला गुंडाळलेलं पोस्टर, गळ्यात नावाचं कार्ड. कार्ड वाचलं आणि चहा कपाबाहेर. तीच!

‘मॅडम, तुमचं उणे एकसष्ट येतं, माझं उणे एकोणपन्नास. चूक माझीच असणार, पण सापडत नाहीये. मिथेनॉलची नळी घालून चार वेळा तपासलं.’

(मिथेनॉलच्या दोन शिखरांमधल्या अंतरावरून यंत्राच्या आतलं खरं तापमान कळतं. यंत्राचा पडदा काहीही दाखवो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात साधी तपासणी.)

‘चार वेळा?’

‘पाच. निघायच्या आधी आणखी एकदा केलं. आमचं यंत्र जुनं आहे हो. लिफ्ट चालली की आकडे थरथरतात, म्हणून सकाळी सहाला जाऊन मोजते.’

मग तिने फोन काढला. ‘आणि परीक्षकाने काय लिहिलंय ऐका —’ माझं वाक्य मला वाचून दाखवलं! शब्दन्‌शब्द, चांगल्या आवाजात. ‘बोचतं, पण वाक्य झकास आहे ना, मॅडम?’

मी म्हणाले, ‘हं. जरा… तिखट आहे.’

बाकी सगळं तिने हसत हसतच सांगितलं. जागा कायम नाही, दरवर्षी मुदत वाढते. या तीस तारखेला समिती बसणार. पेपर स्वीकारला गेला असता तर राहिली असती. आता तो नाकारला गेलाय आणि समितीला परीक्षकाचा अहवालही जोडावा लागतो म्हणे. ‘भावाचं फर्निचरचं दुकान आहे. तो म्हणतो, ये इकडे. आमच्या खुर्च्या उलटत नाहीत.’

मी काय केलं? ‘पुन्हा एकदा मोजा’ असं सांगितलं. मोठ्या माणसासारखं, मान हलवून. आणि बिस्किट घ्यायला गेले.

१६ मार्च, सोमवार

पाच वेळा. पाच वेळा मिथेनॉल घालणारी बाई चुकते कशी?

पाराला बोलावलं. पारा म्हणजे आमचं यंत्र सांभाळणारा. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच तिरसट. कधी चढेल सांगता येत नाही म्हणून हे नाव.

‘आपल्या यंत्रात मिथेनॉल शेवटचं कधी घातलं होतं?’

‘पाच वर्षांपूर्वी.’

‘पाच वर्षं?! आणि तुम्ही काय करत होतात?’

त्याने नुसतं बोट दाखवलं. यंत्राच्या कडेला चिकटपट्टी, पिवळी पडलेली. तिच्यावर ठसठशीत अक्षरात: ‘दुरुस्ती उणे ६. कोणीही हात लावू नये.’ अक्षर माझं.

‘एकदा लावायला गेलो होतो,’ पारा म्हणाला. ‘तुम्ही काय म्हणाला होतात तेही सांगू का?’

नको म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

मिथेनॉल घातलं. सकाळी, दुपारी, चार वाजता. मध्ये नळी बदलली. पाराने आतला तापमापकच बदलून पाहिला. उत्तर एकच.

यंत्र मुळात खऱ्याहून सहा अंश कमी दाखवतं. म्हणजे सहा मिळवायला हवेत. मी पाच वर्षांपूर्वी सहा वजा केले. सहा इकडून, सहा तिकडून — बारा. उणे एकसष्ट नव्हतंच कधी. उणे एकोणपन्नासच.

अधिकाच्या जागी वजा! ही चूक पहिल्या वर्षाच्या मुलाने केली असती तर मी ती वर्गात फळ्यावर लिहून ठेवली असती. परीक्षेपर्यंत पुसू दिली नसती.

पारा म्हणाला, ‘चहा आणू?’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा. यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते कळावं.

१८ मार्च

काही सुचत नाही. दिवसभर इतरांच्या चुका शोधल्या. तीन सापडल्या. बरं वाटलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

संपादकांना लिहिलं: परीक्षक क्रमांक दोन आपलं मत मागे घेत आहे, आकडा लेखिकेचाच बरोबर, पेपर पुन्हा विचारात घ्यावा. नाव अर्थातच गुप्त! पाठवलं आणि कशी हलकी झाले. पाचव्या मिनिटाला आपोआप येणारं उत्तर आलं: ‘मी ६ एप्रिलपर्यंत रजेवर आहे.’

समिती तीसला.

रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे चावत होता. दंतवैद्य बत्तीस वेळा चावतात, मधे बोलत नाहीत. मग म्हणाला, ‘अगं, तुझं बरं आहे. मी चुकीचा दात काढला तर परत बसवता येत नाही.’

‘म्हणजे काय करू?’

‘बाईच्या समितीलाच पत्र दे. तू मोठी, तुझं ऐकतील.’

‘आणि अहवाल? तो त्यांच्या फाइलीत असणार ना! पत्र म्हणतंय बाई हुशार, अहवाल म्हणतोय बाईला तापमापक कळत नाही. अहवालाचंच वाक्य लक्षात राहणार. तेच जास्त चांगलं आहे!’

‘मग तो अहवाल तुझाच म्हणून सांग.’

‘परीक्षकाने नाव सांगायचं नसतं.’

‘नियम आहे, की सोय आहे?’

भात पुन्हा वाढून घेतला.

२३ मार्च, सोमवार

समितीच्या पत्राचा पहिला खर्डा. वाचला. चांगलाच झाला होता — ‘माझा तापमापक माझ्याचसारखा निघाला, दिसायला ठाम’ वगैरे. नवऱ्याने वाचून परत दिला. ‘यात तूच छान दिसतेस. बाई कुठे आहे?’

दुसरा खर्डा: बाई होती, पण खाली तळटीपेत. तिसऱ्यात चूक ‘झाली’ होती. कोणी केली ते नव्हतं.

पाराला दाखवला. तो म्हणाला, ‘मॅडम, चिकटपट्टीवर कसं सात शब्दांत लिहिलं होतं तुम्ही!’

२४ मार्च, मंगळवार

चौथा खर्डा. एकही विनोद नाही. लिहिताना दातच काढून घेतल्यासारखं झालं.

‘या पेपरवरचा परीक्षक क्रमांक दोनचा अहवाल मी लिहिला. तो चुकीचा आहे. लेखिकेचं मोजमाप बरोबर आहे. माझ्या यंत्राची दुरुस्ती मी उलट चिन्हाने घातली होती. त्यामुळे माझे तीन प्रसिद्ध पेपर बारा अंशांनी चुकले आहेत. ती चूक लेखिकेच्या कामामुळे सापडली. सोबत मिथेनॉलच्या तपासणीचे नऊ आलेख जोडले आहेत.’

खाली सही. नाव, हुद्दा, संस्था. सही करताना अक्षर जरा लहान आलं.

धाडलं. एक प्रत तिला.

मग बसून यादी केली: माझ्या उणे एकसष्टवर कोणी कोणी आपापली गणितं उभी केली आहेत. सतरा नावं. त्यातल्या चौघांना मी परिषदेत त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल झापलं आहे!

२५ मार्च

बातमी पसरली. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन दोघांनी ‘धाडस केलंत’ म्हणून सांगितलं. दोघंही पुढच्या वर्षी माझ्याच पदासाठी अर्ज करणार आहेत. खूप प्रेमाने बोलले.

पिवळी पट्टी आज पाराने काढली. नवी लावू का विचारत होता. म्हटलं लावा, अक्षर तुमचं. त्याने लिहिलं: ‘दर महिन्याला मिथेनॉल. मॅडम असल्या तरी.’

३० मार्च, सोमवार

समिती आज अकराला. अकरापासून चारपर्यंत मी प्रयोगशाळेत तेरा वेळा फोन पाहिला. काही नाही. साडेचारला पारा म्हणाला, ‘मॅडम, फोन थंड पडलाय का बघायला मिथेनॉलची नळी घालू?’

संध्याकाळीही काही नाही.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी तिचा निरोप.

‘मॅडम, मुदत दोन वर्षांनी वाढली! तुमचं पत्र समितीत मोठ्याने वाचलं. कालच फोन करणार होते, पण काय बोलावं कळेना. एक सांगू का? परीक्षकाचा अहवाल मी जोडलाच नव्हता. लाज वाटली म्हणून. तुम्ही सांगेपर्यंत त्यांना तो माहीतच नव्हता.’

तीनदा वाचलं.

मग तिन्ही जर्नलांना दुरुस्तीची पत्रं लिहिली. प्रत्येकी चार ओळी. चौथ्या ओळीत आभार, तिचं नाव, पूर्ण. पाठवली. खर्डा कोणाला दाखवला नाही.