चाकांचा पलंग

१२ एप्रिल

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, आईच्या पायांवर डोकं. इकडे मी मजेत आहे. तुम्ही मजेत आहात का, हे विचारायची सोयच तू ठेवलेली नाहीस, कारण तुझ्या प्रत्येक पत्राची सुरुवात हवेने होते. पंखा लागत नाही. स्वेटर लागत नाही. दुपारी दार उघडं टाकून झोपता येतं. वाचून बरं वाटलं. मी हे पत्र पंख्याखाली बसून लिहिते आहे आणि कागद उडू नये म्हणून त्यावर दुकानातली मोठी कात्री ठेवली आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर कात्रीला बोल लाव.

पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. फोनवर काही धड बोलणं होत नाही. ती फोन स्पीकरवर टाकते आणि मग भाऊजी मध्येच आकाश कसं दिसतंय ते सांगायला लागतात.

काम भरपूर आहे. ऊन तापलं की लोकांना पडद्यांची आठवण होते. रोज टेप गळ्यात अडकवून कुणाच्या ना कुणाच्या घरी खिडक्या मोजायला जाते. काल एका दातांच्या डॉक्टरणीकडे गेले होते. उत्तरेची मोठी खिडकी, समोर झाड, खोलीत असा गारवा की स्टुलावरून उतरू नये. बाई म्हणाल्या, "इथे फार अंधार वाटतो हो." मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

माझी घर शोधमोहीम चालूच आहे. दलालाने गेल्या आठवड्यात दोन जागा दाखवल्या. एक गच्चीखालची, तिथे दुपारी छतावर पापड भाजले जातील. दुसरी तळघराची, तिथे भिंतीला पाठ टेकली तर ब्लाउज ओला. या दोहोंच्या मधलं जे काही आहे ते माझ्या पगारात बसत नाही. दलाल म्हणाला, "बाई, बारमाही चांगली हवा आणि परवडणारं भाडं, दोन्ही एका जागी मागू नका." मी म्हटलं, माझ्या बहिणीला मिळालंय.

भाऊजी तिथल्या लोकांना सांगतात का गं, त्या गावाचा शोध कुणी लावला ते? एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी मी पडदे लावत होते, तेव्हा ते त्या गावाच्या हवेबद्दल सहज बोलून गेले. मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला होता, आठवतं? "ताई, आपल्या आईसाठी गाव सापडलं." मला रजा मिळून मी बघायला जाईपर्यंत भाऊजींनी आगाऊ भाडं भरूनही टाकलं. निवृत्त माणसाला सवड असते. मी काही मनात ठेवलेलं नाही.

आई तुमच्याकडे उन्हाळ्यापुरती आली आहे, हे तुझ्या लक्षात आहे ना? तू लिहितेस की ती एकटी भाजी आणायला जाते, आणि तुझ्या घराकडचा चढ न थांबता चढते. माझ्याकडे एवढ्याशा जिन्यात धाप लागून किती वेळा टेकायची. आनंद आहे. खरंच आनंद आहे.

पण परवा तीच फोनवर म्हणाली की सकाळचं ऊन खिडकीतून थेट डोळ्यांवर येतं आणि झोपमोड होते. म्हणजे तुझ्या स्वर्गातही काहीतरी आहे तर! तू म्हणालीस, माप पाठवते, पडदा शिवून दे. तुझ्या मापावर माझा भरवसा नाही. मागे तू स्वयंपाकघराची खिडकी वितीने मोजली होतीस आणि पडदा कठड्यापासून चांगला हातभर वर लोंबत राहिला होता. एखादी चादर अडकव.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस की आईला कायमचं तिथेच राहू द्यायचं का. त्याचं उत्तर सवडीने देईन. आत्ता गिऱ्हाईक आलं आहे.

तुझी,
धाकटी


३० मे

प्रिय ताई,

खाली बस. आईलाही बसव. भाऊजींना म्हणावं, आकाश थोडा वेळ तसंच राहील, इकडे लक्ष द्या. मला घर मिळालं!

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लांबट खोली आहे, तळमजल्यावर. तिच्या डाव्या भिंतीला लागून फळांचं कोल्ड स्टोरेज आणि उजव्या भिंतीला लागून बेकरीची भट्टी. कितीतरी दिवस ती रिकामी पडली होती. कुणी भट्टीच्या भिंतीला हात लावून पळायचं, कुणी स्टोरेजच्या. घरमालकाने भाडं उतरवत उतरवत शेवटी माझ्यासारखीच्या आवाक्यात आणून ठेवलं. मी मात्र कुठल्याच भिंतीकडे गेले नाही, खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ताई, मधोमध तुझं गाव आहे गं! ना घाम, ना थंडी. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि मी तिथे उभी राहून दुपट्टा नीट करत होते.

मग डोक्यात आलं, की नुसतं मधोमध कशाला? आईच्या पलंगाला चाकं लावायची. उकडायला लागलं की पलंग डावीकडे ढकलायचा, थंडी पडली की उजवीकडे. हवा आपल्या मर्जीची. तुला तुझी हवा देवाने दिली, मी माझी बनवली. सुताराला सांगितलं तर तो म्हणाला, "पलंगाला चाकं? घरात पेशंट आहे का?" मी म्हटलं, "पेशंट नाही, आई आहे."

तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आहे. येईल तेव्हा खरा. तोवर मी आपला साधा पलंग डाव्या भिंतीला लावून झोपते. सकाळी उठले की उशीला सफरचंदांचा वास येतो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने ताज्या पावाचा. तुमच्याकडे कसला वास येतो? नुसत्या हवेला काय वास असणार.

पंखा मी काढून दुकानात देऊन टाकला. मालकीणबाई बघतच राहिल्या.

तेव्हा आईला ठेवून घ्यायचा विचार आता सोड. चाकं बसली की मी कळवते, मग भाऊजींनी तिला आणून सोडावं. आणि तू जे लिहिलं आहेस की "तूच इकडे का येत नाहीस", ते प्रेमाने लिहिलं असशील, पण तिथे मी करू काय? ज्या गावात ऊन कुणाला टोचत नाही तिथे पडदे कोण शिवून घेणार? शिवाय आईला मी सांभाळते, असंच आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तू सुट्टीत यायचीस, मिठाई आणायचीस. माझ्याकडे डबी भरून औषधं असायची. ज्याचं काम त्यालाच शोभतं.

आईला सांग, पलंग असा करून घेते आहे की हात लावला तरी सरकेल.

तुझी,
घर मिळालेली धाकटी


९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. पत्र आलं आहे हेही सांगू नकोस. विचारलंच तर विजेचं बिल म्हण.

तुझं पत्र काल मिळालं. आईने बॅग भरून दाराशी ठेवली आहे, रविवारी भाऊजी तिला घेऊन निघणार, "शेवटी तुझंच खरं झालं", असं तू लिहिलं आहेस. या वेळी तुझ्या पत्रात हवेबद्दल एक ओळ नाही. वाचताना मला आधी तेच जाणवलं. आणि मग, लाज वाटते सांगायला, मी मशीनवरून उठले आणि दुकानात सगळ्यांना सांगत सुटले, की माझी आई येते आहे. तिला तिथली हवा सोडून माझ्याकडे यायचं आहे. मालकीणबाईंनी तर पेढे मागितले. दिवसभर मी काहीच शिवलं नाही, नुसती हसत होते.

संध्याकाळी घरी आले, दार उघडलं, आणि दारातच उभी राहिले.

तुला या खोलीचं पुढचं काही सांगितलेलं नाही. पाऊस लागल्यापासून डाव्या भिंतीला घाम फुटला आहे. थंड भिंत, बाहेर दमट हवा, दुसरं काय होणार? मी खिडकीच्या काचा आयुष्यभर पुसत आले, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण मला तेव्हा घर दिसतच नव्हतं, तुझं गाव दिसत होतं. आधी मी फडक्याने भिंत पुसायचे. मग चुना दिला. तो पोपडे धरून खाली आला. मग धंद्याची अक्कल चालवली आणि भिंतभर जाड पडदा शिवून लावला. छान दिसायचा. गेल्या आठवड्यात सहज उलटून बघितला तर मागची बाजू बुरशीने काळी.

पलंग डावीकडे घेतला की उशी ओली. उजवीकडे घेतला की अंग भाजून निघतं, घसा कोरडा पडतो. चाकं मात्र झकास बसली आहेत. सुतार सांगितल्या वेळेला आला, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. मी रोज तो रिकामा पलंग इकडून तिकडे ढकलते आणि आईची छाती कुठे बरी राहील ते बघते. कुठेच राहणार नाही.

आता मुख्य गोष्ट. आईने बॅग का भरली, ते तुला वाटतं तसं नाही. तिला माझी खोली आवडली म्हणून नाही, की तुझ्याकडे काही कमी पडलं म्हणून नाही. फोनवर बोलता बोलता मला खोकला आला. तो खरा होता, या भिंतीचाच. आईने तो बरोबर हेरला. म्हणाली, "अगं, तुझ्या छातीत घरघर आहे. तुझ्याकडे बघायला कोण आहे तिथे?" मी म्हटलं, "कुणी नाही गं, मी माझी मीच." आणि मग परत खोकले.

ताई, दुसऱ्यांदा खोकले ती मुद्दाम.

लगेच म्हणाली, "मी येते." तिच्या आवाजाला जी धार आली ना, ती कितीतरी दिवसांत मी ऐकली नव्हती. तुझ्याकडे राहून ती तशी ठणठणीत झाली, आणि ते ठणठणीतपण मी माझ्याकडे ओढायला निघाले होते.

तुझ्या हवेवर मी जळत होते, हे तू ओळखलंच असशील. पण हवा मी कशीबशी पचवली असती. आई तुझ्या घरात बरी झाली, हे पचत नाही. मी तिला वाफ दिली, पाठ चोळली, उशा रचून बसवलं, डॉक्टरच्या दारात नंबर लावून उभी राहिले. एवढं करून माझ्याकडे तिचा श्वास कधी मोकळा झाला नाही. तू काय केलंस? खिडकी उघडलीस. आणि ती चढ चढायला लागली. मला वाटायचं, निदान एकदा तरी तिने तुझ्याकडे आजारी पडावं. हे मी लिहिलं आहे, खोडत नाही. असं वाटायचं.

आणि आता ती यायला निघाली आहे, तर मला ती बॅग दिसते आहे आणि ही भिंत.

तेव्हा ऐक. फोन स्पीकरवर असतो, म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे, रविवारच्या आत पोचेल. तिला सांग की सुतार अजून आलेला नाही. चाकं नाहीत, पलंग उघडून पडला आहे, खोलीत पाऊल टाकायला जागा नाही. सुतार आला नाही म्हटल्यावर ती लगेच विश्वास ठेवेल. खोकल्याचं मी बघते. रविवारी सकाळी मी फोन करीन आणि सांगेन की औषधाने एकदम बरं वाटलं. मध्येच मला उबळ आली तर तू काहीतरी बोलायला लाग. भाऊजींना म्हणावं, आकाशाचं सांगा. तेवढ्यात मी तोंडावर उशी धरून खोकून घेईन. एवढं एक काम भाऊजींना छान जमेल.

ही खोली मी सोडणार आहे. दलालाला सांगितलं आहे, तो हसला नाही, त्याबद्दल त्याचे आभार. तू पुन्हा लिहिशील की तूच इकडे ये. येईनही कदाचित. पण आत्ता नको. आत्ता आले तर तुझ्या ओट्याजवळ पाहुणीसारखी बसेन आणि आई तुझ्या हातचा चहा कशी पिते ते बघत राहीन. थोडं ओसरू दे.

तू एप्रिलमध्ये विचारलं होतंस त्याचं उत्तर, आईला तिथेच राहू दे. कायमची.

तिच्या खिडकीचं माप पाठव. टेपने घे, वितीने नको, आणि दांडीपासून खाली कठड्यापर्यंत घे. कापड मी आणून ठेवलं आहे, आतून अस्तर लावते, म्हणजे सकाळचं ऊन तिच्या डोळ्यांवर येणार नाही. तुझ्या घरात एवढीच एक उणीव होती. मला त्या उणिवेचा केवढा आधार वाटायचा, ते तुला कळणार नाही.

ओढायची दोरी डाव्या हाताला ठेवते आहे. आईचा उजवा खांदा वर जात नाही. ती तुला सांगायची नाही, म्हणून मी सांगते.

तुझ्यावर अजून जळणारी,
तुझीच
धाकटी