अण्णांच्या खोलीतली ओल

४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. विषय एकच, अण्णांच्या खोलीतली ओल. मागच्या भिंतीला खालून पाणी चढतंय. वीतभर रंग फुगलाय, बोट लावलं की पीठ पडतं. अण्णांचा पलंग त्याच भिंतीला. वडिलांचा दमा जुनाच, तेव्हा खोकल्याचा आणि ओलीचा संबंध जोडायचं कारण नाही. बायकोने जोडला. त्यांना समोरच्या खोलीत हलवू म्हणते. तिथे माझं टेबल आहे. घरात विचार करायला माणसाला एक जागा नको? महिन्याभरात भिंत ठणठणीत करून दाखवतो म्हटलं. अण्णा म्हणाले, होईल तेव्हा होईल. समजूतदार माणूस.

६ ऑक्टोबर, सकाळी
बाहेरून पाहणी. तिथे भिंतीला लागून माझा गुलाबांचा वाफा. गुडघाभर माती घालून उंच केलाय, म्हणून तर रस्त्यावरून दिसतो. लोक थांबून बघतात. बायको म्हणाली, मातीखाली घराचं जोतं बुडलंय, ओल तिथूनच शिरतेय, वाफा काढा. तिचं आणि गुलाबांचं पहिल्यापासून वाकडं. हसून सोडून दिलं. ऊन कडक, म्हणून जास्तीच्या दोन बादल्या घातल्या.

११ ऑक्टोबर
आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. दुकानदार म्हणाला, आता पाण्याची बाहेर यायची बिशाद नाही. वास सहन होईना म्हणून अण्णा दिवसभर पायरीवर बसले. तेवढीच मोकळी हवा.

१९ ऑक्टोबर
भिंत आरशासारखी! बायकोला हाताला धरून नेऊन दाखवली. तिने नुसतं हूं केलं. जिंकणाऱ्याने मन मोठं ठेवावं, म्हणून जास्त बोललो नाही.

२७ ऑक्टोबर
रंगाच्या वरच्या कडेला नवी ओली रेघ. घाबरण्यासारखं नाही. खालून हाकलली म्हणूनच वर गेली. पळून पळून जाणार कुठे, वर छप्पर आहे.

५ नोव्हेंबर
टाइल्स. मिस्त्रीकडून पार खांद्यापर्यंत लावून घेतल्या. बायको म्हणाली, दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. म्हण चांगली आहे, इथे लागू नाही. गुलाबांना कळ्या धरल्यात, सकाळ-संध्याकाळ पाणी.

१४ नोव्हेंबर
ओल टाइल्सच्या वर. स्विचबोर्डपर्यंत पोचली. बटण दाबताना अण्णांच्या बोटांना मुंग्या आल्या. आता ते दिवाच लावत नाहीत, संध्याकाळी अंधारात बसून खोकतात. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं नक्की केलंय.

१५ नोव्हेंबर
ताईचा फोन. अण्णांचा खोकला तिला फोनवर ऐकू आला म्हणे. हल्लीचे फोन फारच चांगले निघालेत. काम अंतिम टप्प्यात आहे असं सांगितलं. तिने फोन पुन्हा अण्णांकडे द्यायला सांगितला.

२२ नोव्हेंबर
नामी उपाय सापडला. मोठं कपाट त्या भिंतीला लावलं, अण्णांचे कपडे त्यातच. आता ओल औषधालाही दिसत नाही. निम्मा दमा मनाचा असतो. इलेक्ट्रिशियन राहिला.

१ डिसेंबर
जेवताना अण्णांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. मी घाबरलो. फार घाबरलो. रिक्षा, हॉस्पिटल, मास्क. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात ओल आहे का. मी म्हणालो, नाही. हे काही खोटं नव्हे, कपाटामुळे दिसते कुठे? बायको म्हणाली, आहे. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. अण्णांनी मान दुसरीकडे वळवली.

३ डिसेंबर
अण्णांचे कपडे हॉस्पिटलात न्यायला कपाट उघडलं. स्वेटरवर बुरशी. मागची फळी धरली तर हातात आली. पलीकडे टाइल्सच्या वर भिंतीला बोट लावलं, ते आत गेलं. थंडगार. लगेच काढून घेतलं आणि कपाटाचं दार लावलं. अण्णांसाठी नवा स्वेटर घेतला. जुना तसाही विटला होता.

९ डिसेंबर
अण्णांना घरी सोडलं. म्हणजे ताईच्या घरी. ती हॉस्पिटलातूनच घेऊन गेली. गाडीपाशी मी म्हणालो, महिन्याभरात भिंत... ताईने काच वर केली.
बायकोला म्हटलं, एका अर्थी बरं झालं, खोली रिकामी आहे तर काम निर्धास्त करता येईल. तिने विचारलं, कुणासाठी. मी विषय बदलला.

१३ डिसेंबर
वाफा काढला. गुलाबांचा बहर संपतच आला होता, दुसरं कारण नाही. माती ओढताना हात भरून आले. समोरच्या खोलीतलं टेबलही बाहेर काढलं, अण्णांचा पलंग तिथे लावला. त्या खोलीत चांगलं ऊन येतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.
दुपारी अण्णांना फोन. खोली तयार आहे, कधी न्यायला येऊ विचारलं. बराच वेळ बोललो आम्ही, एकदाही खोकले नाहीत. म्हणाले, भिंतीचं आधी नीट होऊ दे. सावकाश कर, मला घाई नाही.