बार्बा शिमेच्या मूळव्याधीविषयी

स्प्लित, ९ जुलै

प्रिय पेरिना मावशी,

तुझ्या दोन्ही गालांना एकेक पापा आणि तुझ्या गुडघ्याला माझा वेगळा नमस्कार. (गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस. चढणारच आहेस, माहीत आहे मला, तरी लिहून ठेवतो. उद्या मी सांगितलं नव्हतं असं नको.) तुझं पार्सल पोचलं. अर्धी सुकी अंजिरं आचारी रोकोने खाल्ली, उरलेली मी त्याच्यापासून लपवून खाल्ली. मलमाची नवी डबीही मिळाली. मी सुखरूप आहे, नोकरी शाबूत आहे, आणि ती तुझ्यामुळे लागली हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुझ्यामुळेच ती जायचीही वेळ आली होती, पण ते ओघात येईल.

बावीस वर्षं गोदीत लोखंडी पत्रे वितळलेल्या जस्तात बुडवून काढले, आणि गोदी बंद पडल्यावर माझ्याकडे कुत्रंही बघेना. तेव्हा तू दुखरा गुडघा घेऊन बेटावरून इथवर आलीस, या संशोधनाच्या बोटीच्या कप्तानाच्या, सगळ्या बंदराच्या काकाच्या, बार्बा शिमेच्या दारात बसलीस आणि म्हणालीस, "शिमे, माझ्या मिकुलाला बोटीवर घे, नाहीतर मी काही इथून उठत नाही." त्याने घेतलं. काय काम करतो म्हणून तू प्रत्येक पत्रात विचारतेस आणि मी दरवेळी विषय बदलतो. आता सांगूनच टाकतो. कागदोपत्री माझं पद आहे 'घाणेरडे हात'. हसू नकोस. भर समुद्रात पाणी भरायच्या बाटल्या दोन-दोन पिशव्यांत गुंडाळलेल्या असतात. एका माणसाने फक्त आतली पिशवी आणि बाटली हाताळायची, ते 'स्वच्छ हात'. ते आमच्या डॉक्टर तोन्काबाईंचे. दुसऱ्याने बाहेरची पिशवी, दोर आणि जगातलं बाकी सगळं धरायचं, तो मी. (बाई औषधाच्या डॉक्टर नाहीत. रोकोने पहिल्याच दिवशी त्यांना जीभ काढून दाखवली होती.)

एवढा सोवळेपणा कशासाठी, तर समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी हिरवी भुकटी तरंगत असते, तिच्यासाठी. भुकटी कसली, जिवंत वनस्पती आहेत त्या, आणि मासे, शिंपले, तू, मी, सगळे शेवटी तिच्याच जिवावर जगतो असं बाई म्हणतात. त्या बारक्या जिवांना लोखंड लागतं, जस्त लागतं, आणि भर समुद्रात ते इतकं थोडं की घरभर पाण्यात मिठाची कणीही जास्त वाटावी. मग त्यांच्या सालीवर इवलीइवली दारं असतात. धातूचा कण जवळून गेला की झडप घालून आत ओढतात. आणि काही तर काय वस्ताद, मावशी! जस्त नाही मिळालं तर कोबाल्ट नावाच्या दुसऱ्याच धातूवर भागवतात. लोणी संपलं की तू तेलात पोळे करतेस आणि कुणाला कळू देत नाहीस, तसंच. हे ऐकल्यापासून मला त्यांच्याबद्दल घरच्यांसारखं वाटायला लागलं आहे.

तर बाईंचा प्रयोग असा: काही बाटल्यांत या जिवांना जस्त द्यायचं, काहींत उपाशी ठेवायचं, आणि कोण कसा वाढतो ते पाहायचं. मे महिन्यात पाणी आणलं, बारा दिवस दिव्याखाली ठेवलं, आणि बघतो तर उपाशी बाटल्या भरल्या बाटल्यांइतक्याच हिरव्यागार! लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे तृप्त सगळे. बाई खुर्चीत मटकन बसल्या. जस्त कुठून तरी शिरलं होतं. जूनमध्ये एकच फेरी उरली होती. तीही फसली तर दोन वर्षांचं काम समुद्रात. मग बोटीवर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. रोको तर तोंडावर म्हणाला, "बावीस वर्षं जस्तात लोळलाय, घामातून येत असेल त्याच्या." बाई भल्या, त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मिकुला, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर या फेरीला मी तुम्हाला नेऊ शकत नाही. माफ करा." फेरी नाही म्हणजे पुढचा करारही नाही. मावशी, मी बावन्न वर्षांचा आहे. मला पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुझ्या पेन्शनवर कॉफी प्यायची नव्हती. मी घासघासून आंघोळ केली, नवे बूट घेतले, मिशी उतरवली (हो, उतरवली. वरचा ओठ नागडा वाटतो). कारण काही सापडेना.

शुक्रवारी जेवायला सगळे जमलो. रोकोने माशांचं कालवण वाढलं, आणि बार्बा शिमे बसेचना. उभाच. चेहरा लालबुंद. मग खिशातून डबी काढून टेबलावर आपटली: तुझं मलम! (त्यालाही देतेस हे मला कधी बोलली नाहीस, लबाड.) म्हणाला, "बाई, या पोराला छळू नका. मला मूळव्याध आहे. हे पेरिनाचं मलम मी रोज सकाळी लावतो, कुठे लावतो ते सांगत नाही, आणि त्याच हाताने तुमच्या बाटल्या थोपटतो." अगं, ही त्याची जुनीच सवय. बोटीवरून समुद्रात जे जाईल, जाळं असो, नांगर असो, त्याला थोपटून 'जा, देव सांभाळो' म्हटल्याशिवाय तो सोडत नाही. बाईंनी डबी उचलली, तपासायला नेली, आणि काय! तू औषधाच्या दुकानातून आणून जी पांढरी पूड घालतेस ना, ती नुसती जस्ताची. मला काय ठाऊक? मी आयुष्यभर पाहिलेलं जस्त कढईत उकळायचं आणि माणसाला भाजायचं. ते भाजल्यावर लावायच्या मलमातही असतं हे कुणाच्या डोक्यात येणार? बाईंनी बोटीवरची सगळी मलमं जमा केली. मीही माझी द्यावी म्हणून शोधली, सापडली नाही.

रोको जमिनीवर लोळून हसला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदराला कळलं. पुढचे तीन दिवस बार्बाने उभ्याने सुकाणू धरलं, आणि बाटल्या निघाल्या की दोन्ही हात खिशात घालून लांबूनच 'जा, देव सांभाळो' म्हणायचा. आणि फेरी साधली, मावशी! उपाशी बाटल्या खरोखर उपाशी राहिल्या. एक जात तेवढी कोबाल्टवर तग धरून होती. बाईंनी मला मिठी मारली, 'स्वच्छ हातां'नी 'घाणेरड्या हातां'ना, सगळ्यांसमोर. काल दोन वर्षांच्या करारावर सही केली. मनात म्हटलं, मावशीने दारात बसून मिळवलेलं वाया गेलं नाही.

तुझा, आता बिनमिशीचा,
मिकुला

ता. क. मासळी बाजारातल्या बायका बार्बाला रोज विचारतात, "शिमे, आज बसायला जमतंय का?" आणि तो हात जोडून म्हणतो, "तुमची कृपा."

ता. क. दुसरा. लिहू नये असं ठरवलं होतं, पण तुला आत्तापर्यंत समजलंच असेल, कारण तू त्याला मलम कधी दिलंच नाहीस. आज सकाळी तुझी नवी डबी आभार म्हणून त्याला द्यायला गेलो, तर तो लाकडी बाकावर पाय पसरून ऐसपैस बसला होता. म्हणाला, "याचं मी काय करू? पावाला लावू?" जेवणाच्या टेबलावर आपटलेली डबी माझी होती, माझ्या पिशवीतून त्यानेच उचललेली. सकाळी हातमोजे घालण्याआधी मी माझ्या फुटलेल्या हातांना चोळायचो ते त्याने पाहिलं होतं. त्याला काही मूळव्याध-बिळव्याध नाही. मी बाईंकडे जायला वळलो. तर म्हणतो कसा, "गप रे. तू कबूल केलं असतंस तर तुझी नोकरी गेली असती. मी कबूल केलं, तर नुसते हसले."

ता. क. तिसरा. म्हणून एकच मागणं, त्यासाठीच हे सगळं पत्र. ऑगस्टात मारियामातेच्या सणाला तो बेटावर येणार आहे. चर्चमधून सगळा गाव बाहेर पडत असेल तेव्हा त्याला गाठ, आणि तुझ्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार, "शिमे, माझ्या मलमाने मूळव्याधीला उतार पडला का रे?" आणि विचारताना, माझ्यासाठी म्हणून, त्याचा हात घट्ट धर.